जावजी दादाजी आणि उज्जयिनीचे ग्रंथ

उज्जयिनीचा इतिहास लिहिताना आपण राजांची नावे घेतो, कवींची घेतो, फार तर देवळे बांधणाऱ्या दिवाणांची घेतो. प्रद्योत, विक्रमादित्य, शूद्रक, कालिदास ही मालिका आपल्याला पाठ असते. मराठ्यांचा अंमल माळव्यात आल्यावर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांच्या हातून महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, हेही आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु ज्या ग्रंथांच्या आधारे आजचा वाचक या नगरीला ओळखतो ते ग्रंथ त्याच्या हाती कोणी दिले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पोथी राजाच्या भांडारात असणे निराळे आणि ती शाळेतील विद्यार्थ्याच्या दप्तरात असणे निराळे. या दोन अवस्थांमधील अंतर गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात ज्या थोड्या माणसांनी तोडले, त्यांत मुंबईच्या एका मराठी कारागिराचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तो पंडित नव्हता आणि संस्थानिकही नव्हता. दरमहा दोन रुपये वेतनावर खिळे घासणारा तो एक पोरगा होता. जावजी दादाजी चौधरी हे त्याचे नाव, आणि निर्णयसागर हे त्याने उभारलेल्या छापखान्याचे नाव.

या लेखात जावजींचे समग्र चरित्र सांगण्याचा आमचा हेतू नाही. उज्जयिनीत बसून पाहताना त्यांच्या उद्योगाचा अर्थ काय दिसतो, एवढेच आम्हांस मांडावयाचे आहे. दारिद्र्यातून वर आलेल्या उद्योजकाची कथा सांगताना आपण बहुधा प्रारंभीचे हाल आणि शेवटची देणगी या दोन टोकांवर दृष्टी ठेवतो आणि मधल्या कामाकडे दुर्लक्ष करतो. जावजींच्या बाबतीत मधले काम हेच सर्वस्व आहे. त्यांची दानशीलता शोधावयाची तर तीही त्या कामातच शोधावी लागते, असे आमचे मत आहे.

१

जावजींचा जन्म १८३९ मध्ये मुंबईत झाला. मराठी मुद्रणाला त्या वेळी फार वर्षे झाली नव्हती. श्रीरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले आणि त्याच वर्षी मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापण्यात आली. मुंबईत १८२२ मध्ये पंचोपाख्यान छापले गेले. पुढे अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्याने धर्मप्रसारासाठी मराठी पुस्तके काढण्यास आरंभ केला. याच छापखान्यात मुद्रणकला पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या मराठी गृहस्थाने १८३१ मध्ये स्वतःचा शिळाछापखाना काढला आणि त्या वर्षीचे पंचांग छापून लोकांपुढे ठेवले. छापील धर्मग्रंथाविषयी लोकांच्या मनात त्या काळी मोठा किंतु होता. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालत नसे. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून पोथ्या छापल्या, असे सांगितले जाते. यंत्र परके असले तरी त्यातून निघणारा ग्रंथ आपला असू शकतो, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरविणारा तो पहिला पुरुष होय. जावजी हे त्याच वाटेवरचे पुढचे प्रवासी.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम या नावाचा एक कुशल गृहस्थ देवनागरी खिळे पाडण्याचे काम पाहत असे. त्याच्या हाताखाली लहानगा जावजी कामाला लागला. घरची गरिबी होती आणि शाळेचे शिक्षण नावापुरतेच झालेले होते. काम होते खिळे घासण्याचे आणि पगार होता महिना दोन रुपये.

हे घासण्याचे काम म्हणजे काय, हे आजच्या वाचकास थोडे सांगणे जरूर आहे. प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. तो ठसा तांब्यावर ठोकून त्याची खोलगट मातृका तयार करावयाची. ती मातृका साच्यात बसवून त्यात शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतावयाचा. तो निवला की खिळा हाती येतो. पण असा ओतलेला खिळा लगेच उपयोगी पडत नाही. त्याच्या कडांना धातूचे पापुद्रे राहिलेले असतात. सपाट दगडावर प्रत्येक खिळ्याच्या बाजू घासून त्या काढाव्या लागतात. घासणे कमी झाले तर ओळीत दोन अक्षरांमध्ये फट पडते आणि अधिक झाले तर अक्षर कलते. एका पानात हजारो खिळे असतात आणि त्यांतील प्रत्येक खिळा कोणाच्या तरी बोटांखालून गेलेला असतो. छापखान्यातील हे सर्वांत खालचे काम. पण अक्षराचा खरा आकार, त्याची उंची आणि त्याचा शेजार ही ज्याला बोटांनी कळतात असा माणूस याच कामातून घडतो. पुढे निर्णयसागरच्या खिळ्यांची जी कीर्ती झाली तिचे मूळ या दगडाजवळ आहे.

मिशनच्या छापखान्यातून निघून जावजींनी टाइम्स, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल अशा मुंबईच्या निरनिराळ्या छापखान्यांत नोकऱ्या केल्या. दर नोकरीबरोबर वेतन थोडे वाढत गेले आणि धंद्याचे एकेक अंग कळत गेले. इंग्रजी वृत्तपत्राच्या छापखान्यात वेळेचे भान शिकावयास मिळते, तर सुधारकांच्या मराठी पत्राच्या छापखान्यात मराठी वाचक कोण व त्यास काय हवे आहे याचा अंदाज येतो. जावजींचे विद्यापीठ हेच होते.

२

१८६४ मध्ये जावजींनी नोकरी सोडून खिळे पाडण्याचा स्वतःचा लहानसा कारखाना काढला. तो काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नव्हते आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. जो तो शेअर विकत घेत होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. अशा वर्षांत एक कारागीर आपली तुटपुंजी शिल्लक आणि आपल्या हातची कला शिशाच्या खिळ्यांत गुंतवितो, या घटनेला तिचे म्हणून एक महत्त्व आहे. शेअरबाजारातील ती कागदी संपत्ती लयास गेली, आणि हे शिसे मात्र टिकले.

या उद्योगात त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू हे होते. आरू हे ठसे कोरण्यात निष्णात होते. निर्णयसागरची अक्षरे म्हणून ज्यांची वाखाणणी होते ती प्रत्यक्षात आरूंच्या हातची आहेत, हे विसरता कामा नये. उद्योजकाच्या नावाखाली कारागिराचे नाव झाकले जाते हा जगाचा रिवाज आहे. जावजी स्वतःच कारागीर असल्यामुळे येथे त्या दोघांत मालक आणि नोकर यांच्यातील अंतर फारसे नसावे, असा तर्क करावयास जागा आहे.

देवनागरीचे खिळे पाडणे हे रोमन खिळे पाडण्यापेक्षा किती तरी कठीण. रोमन लिपीत मोठी व लहान मिळून बावन्न अक्षरे, त्यांत अंक आणि विरामचिन्हे मिळविली की काम भागते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि शेजारी जोडाक्षर. संस्कृत ग्रंथ छापावयाचा तर ‘ङ्क्ष्व’ किंवा ‘ष्ट्र्य’ यांसारखी जोडाक्षरेही हवीत. सगळी मिळून शेकडो निरनिराळे खिळे सिद्ध करावे लागतात, आणि ते सर्व एका वळणाचे, एका जाडीचे आणि एका शिरोरेषेवर बसणारे असावे लागतात. निर्णयसागरचा टाइप डोळ्यांस सुखवितो याचे कारण त्यात अलंकार आहे असे नाही. त्याची शिरोरेषा तुटत नाही, गाठ भरीव असते आणि जोडाक्षराचे अवयव स्पष्ट ओळखू येतात. ज्याने पोथीच्या अक्षरावर वाचन शिकलेले आहे त्या शास्त्र्यालाही तो परका वाटू नये, असे ते वळण आहे. हा टाइप इतर छापखान्यांनीही विकत घेतला, आणि निर्णयसागर हे नाव देवनागरी अक्षरांच्या एका जातीचे नाव होऊन बसले.

१८६९ मध्ये या कारखान्याला जोडून छापखाना निघाला. काळबादेवीच्या बाजूस कोलभाट गल्लीत तो होता. पुढे संस्कृतच्या पिढ्यान् पिढ्यांनी आपापल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर हा पत्ता वाचलेला आहे.

३

छापखान्याचे आणि त्यातून निघणाऱ्या पंचांगाचे नाव एकच होते : निर्णयसागर. धर्मशास्त्रात तिथिनिर्णय, व्रतनिर्णय हे शब्द रूढ आहेत आणि कमलाकर भट्टांचा निर्णयसिंधु महाराष्ट्रात सर्वमान्य आहे. तेव्हा हे नाव ग्राहकास लगेच ओळखीचे वाटले असेल. माळव्यात आज अनेक घरांत याच नावाचे नीमचचे पंचांग दिसते. त्याचा आणि मुंबईच्या या पंचांगाचा घोटाळा वाचकांनी करू नये.

उज्जयिनीच्या वाचकास पंचांगाचा विषय परका नाही. भारतीय ज्योतिषात लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांवरून जाणारी रेषा ही मध्यरेषा मानलेली आहे. ग्रहांचे गणित प्रथम या रेषेवरचे करावयाचे आणि नंतर ज्या गावासाठी पंचांग करावयाचे त्या गावासाठी देशांतर संस्कार द्यावयाचा, अशी रीत आहे. मुंबई या रेषेच्या पश्चिमेस सुमारे तीन अंशांवर आहे. म्हणजे मुंबईच्या आणि उज्जयिनीच्या स्थानिक वेळेत सुमारे बारा मिनिटांचा फरक पडतो. मुंबईचा जोशी पंचांग करावयास बसला म्हणजे त्याला पहिली आठवण उज्जयिनीची करावी लागते. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा बांधली ती याच कारणाने. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत तिची दुरुस्ती झाली, आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिषशास्त्रज्ञाने तिच्यासाठी आपले आयुष्य वेचले. मुंबईच्या छापखान्याचा आणि क्षिप्रेच्या तीराचा पहिला संबंध असा गणिताचा आहे.

व्यवसायाच्या दृष्टीने पंचांगाचे महत्त्व निराळेच आहे. काव्यग्रंथ विकत घेणारा मनुष्य एकदा घेतो आणि जन्मभर वापरतो. पंचांग दर वर्षी नवे लागते आणि ते गरिबाच्याही घरी लागते. गावोगावचे भिक्षुक, जोशी, सावकार आणि शेतकरी हे सर्व त्याचे गिऱ्हाईक. ज्या छापखान्याजवळ खपाचे पंचांग आहे त्याला वर्षाच्या आरंभी ठरलेली मिळकत आहे. शिवाय त्याचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचलेले असते. ज्या पुस्तकाचा खप मंद आहे ते छापण्याचे धाडस अशा पायावरच करता येते. गणपत कृष्णाजींनी पंचांगाने आरंभ केला आणि जावजींनीही पंचांगाला आपल्या उद्योगाचे नाव दिले, हा केवळ योगायोग नव्हे.

४

आता ग्रंथांकडे वळू. उज्जयिनीचे वर्णन ज्या संस्कृत ग्रंथांत आले आहे त्यांची नावे आठवून पाहावीत. मेघदूतात यक्ष मेघाला वाट वाकडी करून या नगरीत जावयास सांगतो. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवरास अवंतीचा राजा आलेला आहे आणि त्याच्या वर्णनात महाकाल आहे. मृच्छकटिकातील चारुदत्त आणि वसंतसेना येथल्याच रस्त्यांवरून हिंडतात. कादंबरीतील तारापीड राजाची राजधानी हीच. दशकुमारचरितातील अवंतिसुंदरी येथली. कथासरित्सागरात उदयनाला बंदी करणारा चंडमहासेन येथे राज्य करतो आणि विक्रमादित्याच्या कथाही त्यातच आहेत. हे सर्व ग्रंथ, टीकांसह किंवा पाठभेदांसह, निर्णयसागरने छापले.

यापूर्वी ते छापले गेले नव्हते असे नाही. पण कोठे आणि कसे? मेघदूत होरेस विल्सनने १८१३ मध्ये कलकत्त्यास छापले. रघुवंश स्टेंझ्लरने १८३२ मध्ये लंडनमध्ये छापले आणि त्याचेच मृच्छकटिक १८४७ मध्ये बॉन येथून निघाले. कथासरित्सागराची हकीकत तर विशेष बोलकी आहे. हेर्मान ब्रॉकहाउस या जर्मन पंडिताने त्याचे पहिले पाच लंबक १८३९ मध्ये देवनागरीत प्रसिद्ध केले. जावजींचा जन्म त्याच वर्षीचा. उरलेले लंबक लाइप्झिग येथून १८६२ आणि १८६६ मध्ये निघाले ते मात्र रोमन लिपीत. म्हणजे विक्रमादित्याच्या कथा वाचावयाच्या तर उज्जयिनीच्या शास्त्र्याने आधी रोमन अक्षरे शिकावीत, अशी स्थिती होती! पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेला संपूर्ण कथासरित्सागर १८८९ मध्ये निर्णयसागरने देवनागरीत छापला, तेव्हा हा ग्रंथ खऱ्या अर्थाने स्वदेशी परत आला. युरोपीय पंडितांचे ऋण नाकारण्याचे आम्हांस कारण नाही. त्यांनी ग्रंथ शोधले, ताडून पाहिले व प्रथम प्रकाशात आणले. पण त्यांचा वाचक निराळा होता. जावजींचा वाचक पाठशाळेत मांडी घालून बसणारा होता.

याच हेतूने १८८६ मध्ये काव्यमाला सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे परब हे तिचे संपादक होते. मासिकाच्या रूपाने ती निघे आणि त्यात अप्रसिद्ध काव्ये, नाटके व अलंकारशास्त्राचे ग्रंथ क्रमाने छापले जात. लहान कृती एकत्र करून त्यांचे गुच्छक निघाले, तर मोठे ग्रंथ स्वतंत्र क्रमांकाने निघाले. आनंदवर्धनाचा ध्वन्यालोक, जगन्नाथ पंडिताचा रसगंगाधर, रुद्रटाचा काव्यालंकार आणि रत्नाकराचे हरविजय हे ग्रंथ याच मालेत आले. भरताचे नाट्यशास्त्र १८९४ मध्ये याच मालेत छापले गेले. रससिद्धांतावर आज आपण जी व्याख्याने देतो आणि जे प्रबंध लिहितो त्यांच्या मागे ही माला उभी आहे. ध्वन्यालोक छापला गेला नसता तर आधुनिक मराठी साहित्यशास्त्राची चर्चा कोणत्या पायावर झाली असती, याची कल्पना शिक्षकांनीच करावी.

मराठीच्या वाचकासही हा छापखाना विसरला नाही. विनायक कोंडदेव ओकांचे बालबोध हे मुलांचे मासिक १८८१ पासून येथूनच निघू लागले. मोरोपंतादी प्राचीन कवींच्या कविता शुद्ध स्वरूपात देणारे काव्यसंग्रह हे मासिक वामन दाजी ओकांच्या संपादनाखाली येथूनच निघाले. एकाच गल्लीत एका बाजूस ध्वन्यालोकाचे फर्मे चढत होते आणि दुसऱ्या बाजूस मुलांसाठी सोप्या भाषेतील चरित्रे छापली जात होती. विद्वान आणि बालक या दोघांनाही शुद्ध अक्षराचा सारखाच हक्क आहे, हे तत्त्व जावजींनी कोठे लिहून ठेवले नसेल; त्यांच्या पुस्तकांनी मात्र ते सिद्ध केले आहे.

५

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. जावजी हे व्यापारी होते, त्यांनी पुस्तके विकली आणि पैसा मिळविला; मग यात परोपकार तो कोणता, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप पोकळ नाही. जावजींच्या काळी ग्रंथप्रकाशनाचे निराळे मार्गही उपलब्ध होते. बंगालच्या एशियाटिक सोसायटीची ग्रंथमाला संस्थेच्या आश्रयाने चालली होती. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी सुरू केलेली मुंबईची संस्कृत ग्रंथमाला सरकारी शिक्षणखात्याच्या आधारावर निघाली. पुण्यास महादेव चिमणाजी आपटे या वकिलांनी १८८८ मध्ये आनंदाश्रम स्थापून आपली कमाई ग्रंथांच्या जतनास आणि प्रकाशनास वाहिली. हे शुद्ध दान होय, आणि त्याची थोरवी निर्विवाद आहे.

मग जावजींचे स्थान कोणते? आमच्या मते दान दोन प्रकारचे असते. एक, मिळविलेल्या धनातून दिलेले. दुसरे, धन मिळविण्याच्या पद्धतीतच अंतर्भूत असलेले. व्यापाऱ्याने कमी प्रतीचा कागद वापरावा, मुद्रिते एकदाच तपासावीत, टीका गाळावी आणि किंमत मात्र तीच ठेवावी, तर गिऱ्हाइकास त्या काळी त्याचा पत्ताही लागला नसता. त्याला दुसरी प्रत कोठे मिळणार होती? निर्णयसागरने असे केले नाही. संपादनासाठी विद्वान नेमले, मुद्रितशोधनासाठी शास्त्री ठेवले, तळटीपांत पाठभेद दिले आणि मूळ श्लोकासाठी मोठा, टीकेसाठी लहान असे खिळे योजून पान वाचनीय केले. परबांनंतर वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर आणि त्यांच्या पुढे नारायण राम आचार्य यांनी हीच परंपरा चालविली. निर्णयसागरच्या पुस्तकात अशुद्ध सापडत नाही, अशी ख्याती झाली. ही ख्याती अतिशयोक्त असेल, पण ती निराधार नव्हती. ज्याला आपल्या दप्तरातील एकमेव पुस्तकावरच विद्या मिळवावयाची आहे त्या गरीब विद्यार्थ्यास शुद्ध पाठ देणे, हे अन्नदानाहून कमी नाही. जावजी स्वतः ज्या विद्येला मुकले ती विद्या त्यांनी दुसऱ्यांस स्वस्त केली. त्यांच्या यशाचा आणि परोपकाराचा हिशेब म्हणूनच एकाच वहीत मांडावा लागतो.

या प्रशंसेला मर्यादा घालणेही इतिहासकाराचे कर्तव्य आहे. आजच्या पाठचिकित्सेच्या कसोटीवर या आवृत्त्या सर्वत्र टिकत नाहीत. कोणत्या हस्तलिखितावरून कोणता पाठ घेतला याची माहिती पुष्कळदा त्रोटक आहे. नाट्यशास्त्रासारखा कठीण ग्रंथ अपुऱ्या हस्तलिखितांच्या आधारे छापल्यामुळे त्यात कित्येक ठिकाणी अर्थ लागत नाही, आणि बडोद्यास अभिनवगुप्ताच्या टीकेसह तो प्रसिद्ध होईपर्यंत ती अडचण राहिली. पण पुढच्या संशोधकांनी दुरुस्त्या केल्या त्या निर्णयसागरची प्रत समोर ठेवूनच केल्या. पहिला पाठ छापला गेला म्हणून दुसरा शोधता आला.

मुंबईत त्याच सुमारास आणखी एक उदाहरण घडत होते, त्याचा उल्लेख माळव्यातील वाचकांसाठी केला पाहिजे. राजस्थानातील चुरूकडून आलेले खेमराज श्रीकृष्णदास यांनी वेंकटेश्वर छापखाना उभारून पुराणे, स्तोत्रे आणि हिंदी टीकांचे ग्रंथ उत्तर हिंदुस्थानभर पोहोचविले. उज्जयिनीच्या जुन्या घरांत पोथ्यांच्या फडताळात हे दोन्ही शिक्के शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुराण वेंकटेश्वराचे आणि काव्य निर्णयसागरचे. मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या सीमेवर वसलेल्या या नगरीला मुंबईच्या दोन्ही वाटांनी ग्रंथ मिळाले.

६

१८९२ मध्ये जावजींचे निधन झाले. पंडित दुर्गाप्रसादही त्याच वर्षी निवर्तले. काव्यमालेचे दोन आधारस्तंभ एकाच वर्षी गेले तरी माला थांबली नाही. पंडित शिवदत्त आणि परब यांनी संपादन पुढे चालविले, आणि मालेच्या ग्रंथांची संख्या नव्वदांच्या वर गेली. छापखान्याची धुरा पुत्र तुकाराम जावजी यांनी घेतली. १९३०च्या सुमाराच्या पुस्तकांवर पांडुरंग जावजी हे नाव दिसते आणि १९४०नंतरच्या पुस्तकांवर सत्यभामाबाई पांडुरंग यांचे. मुखपृष्ठावरील या तीन नावांवरून वाचकास आपल्या हातातील प्रत कोणत्या पिढीची आहे हे सहज ओळखता येते. संस्कृत ग्रंथप्रकाशनाची एवढी मोठी संस्था चालविणाऱ्यांत एका स्त्रीचे नाव छापले जावे, ही गोष्टही नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पुढे काळ बदलला. पाठशाळा ओस पडल्या, संस्कृतचा वाचक विरळ झाला, शिशाच्या खिळ्यांची जागा प्रथम यंत्राने जुळविलेल्या ओळींनी आणि नंतर संगणकाने घेतली. कोलभाट गल्लीतील तो छापखाना आता इतिहासजमा झाला आहे. मात्र त्याची पुस्तके नाहीशी झालेली नाहीत. दिल्ली आणि वाराणसी येथील प्रकाशकांनी त्यांच्या छायाप्रती काढल्या, आणि आज जुन्या प्रतींची छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर जगात कोठेही पाहता येतात. ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही असे परदेशातील विद्यार्थीही आरूंनी कोरलेल्या आणि जावजींनी ओतलेल्या अक्षरांतूनच शाकुंतल वाचीत असतात.

उज्जयिनीने आपल्या कवीचे ऋण आपल्या परीने फेडण्याचा यत्न केला आहे. १९५७ मध्ये येथे विक्रम विद्यापीठ सुरू झाले. पंडित सूर्यनारायण व्यासांच्या परिश्रमाने १९५८ पासून कालिदास समारोह भरू लागला. सिंदिया प्राच्यविद्या संस्थेत हस्तलिखितांचा मोठा संग्रह जपलेला आहे. हे सर्व योग्यच आहे. पण समारोहात कवीचे स्मरण होते, राजाचे होते, टीकाकारांचेही होते. खिळे घासणाऱ्यांचे होत नाही. मल्लिनाथाने कालिदासाला वाचकापर्यंत पोहोचविले असे आपण म्हणतो. मल्लिनाथाला वाचकापर्यंत कोणी पोहोचविले, हेही विद्यार्थ्यांस सांगितले पाहिजे.

त्यासाठी फार मोठी योजना नको. संस्कृत किंवा मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाने मेघदूताचा पाठ आरंभण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयातील जुनी प्रत वर्गात आणावी. तिचे मुखपृष्ठ मुलांस दाखवावे, त्यावरचे नाव आणि पत्ता वाचून घ्यावा आणि एका जोडाक्षरावर बोट ठेवून सांगावे की हे अक्षर कोणीतरी पोलादात उलटे कोरले, कोणीतरी शिशात ओतले आणि दोन रुपयांवर राबणाऱ्या कोणा मुलाने ते दगडावर घासून सरळ केले. हाताने काम करणाऱ्याकडे आणि विद्येकडे पाहण्याची मुलांची दृष्टी एवढ्यानेही थोडी बदलेल. आपल्या समाजात या दोहोंची फारकत फार जुनी आहे. जावजी दादाजींनी ती आपल्या एका आयुष्यापुरती मिटविली. आमच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे दान हेच होय, आणि त्याचा विनियोग करणे शिक्षकांच्या हाती आहे.